प्रत्येक वेळी सर्व्हरच डाऊन नसतो हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी जून-जुलै आला की तुमच्याच काय, सगळ्याच पेपरांत ती बातमी येते, 'सर्व्हर डाऊन, विद्यार्थी-पालक हैराण'. खाली रांगेचा फोटो, एखाद्या पालकाचा संताप, मग अधिकारी सांगणार की तांत्रिक अडचण होती, मुदत दोन दिवस वाढवलीय. बातमी खोटी नसते, सर्व्हर खरंच बसतो, शेवटच्या तारखेला तर हमखास. पण मी तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्र चालवतो, त्याआधी पुण्यात बरीच वर्षं वेबसाइट बनवायच्याच नोकरीत होतो, आणि माझ्यासमोर 'सर्व्हर गेला' म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या बऱ्याच जणांचा सर्व्हर त्या वेळी ठणठणीत चालू असतो. त्यांचं सेशन संपलेलं असतं. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीला नवीन सर्व्हर, कोटींची टेंडरं असलं काही लागत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, जागा नसेल तर कापा, फक्त आकडे ठेवा.

आधी सेशन म्हणजे काय ते सांगतो, कारण हे कोणी सांगतच नाही. वेबसाइट ज्या पद्धतीने चालते, एचटीटीपी म्हणतात तिला, तिच्यात सर्व्हरला काही लक्षात राहत नाही. तुम्ही पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, तरी सर्व्हरच्या दृष्टीने दोन अनोळखी माणसं आली. मग तुम्ही लॉगिन केलं की तो तुमच्या ब्राउझरला एक लांबलचक नंबर देतो, ब्राउझर तो कुकी नावाच्या छोट्या नोंदीत ठेवतो, आणि सर्व्हर स्वतःकडे त्या नंबरापुढे लिहून ठेवतो की हा अमुक माणूस. देवळाबाहेर चप्पल स्टँडवर बिल्ला देतात तसंच. पुढच्या प्रत्येक पानाबरोबर बिल्ला जातो, सर्व्हर ओळखतो. बिल्ला घेऊन तुम्ही ठरावीक वेळ फिरकलाच नाहीत तर स्टँडवाला चप्पल उचलून टाकतो, त्याला म्हणायचं सेशन टाइमआऊट. किती वेळ थांबायचं हे कोणीतरी माणसाने ठरवलेलं असतं, निदान ठरवायला हवं असतं.

आता माझ्या केंद्रावर काय होतं ते बघा. आई आणि मुलगा येतात, कॉलेज ॲडमिशनचा नाहीतर स्कॉलरशिपचा फॉर्म. लॉगिन झालं, वैयक्तिक माहितीचं पान उघडलं. नाव मराठीत टाइप करायचंय, पत्त्यात कऱ्हाड आहे, त्या बॉक्समध्ये ते 'कर्‌हाड' असंच पडतंय, तीनदा खोडून लिहिलं. मग वडिलांचं उत्पन्न. दाखला पिशवीत आहे, पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल, फाइलमधून गेल्या वर्षीचा दाखला निघतो, ह्या वर्षीचा घरी राहिलाय, घरी फोन, धाकटी बहीण फोटो काढून व्हॉट्सॲप करते, फोटो तिरका, परत काढ म्हणायचं. नॉन क्रीमीलेअरचा नंबर बारीक अक्षरात. बँकेचा आयएफएससी कोड पासबुकावर पुसलेला. फोटो अपलोड करायचा तर साइट म्हणते साइज जास्त आहे, तो बारीक करायचा, बारीक केला की सही दिसत नाही. एवढं सगळं एकाच पानावर. आणि शेवटी 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबलं की पांढऱ्या पानावर इंग्रजीत एक ओळ, तुमचं सेशन संपलंय, पुन्हा लॉगिन करा. पुन्हा कॅप्चा, पुन्हा ओटीपी, ओटीपीचा मोबाइल वडिलांकडे आणि वडील ट्रक घेऊन सुरतला. पुन्हा आत गेलं की पान कोरं.

ती बाई मला विचारते, दादा, आपण बसलोच होतो की हो समोर, मग संपलं कसं? रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर असं की तुम्ही टाइप करत असता ते सगळं फक्त तुमच्या ब्राउझरमध्ये चाललेलं असतं. सर्व्हरला त्यातलं एक अक्षर कळत नाही. बटण दाबून काहीतरी पाठवलं, पान बदललं, तरच त्याचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. म्हणजे तुम्ही पाऊण तास मान मोडून फॉर्म भरताय आणि सर्व्हर समजतो हा माणूस कधीच उठून गेला. जो सगळ्यात काळजीपूर्वक, कागद तपासून तपासून भरतो, त्याचाच फॉर्म जातो. पटापट काहीबाही ठोकणारा सुटतो. हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

बरं, ही वेळ येते कुठून? बहुतेक ठिकाणी ती कोणी विचार करून ठरवलेलीच नसते, सॉफ्टवेअरबरोबर आलेली असते. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा, तिच्यातल्या साइट ज्या टॉमकॅट सॉफ्टवेअरवर चालतात त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आधीपासून ३० मिनिटं लिहिलेली असतात. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये २० मिनिटं. पीएचपीमध्ये १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. जँगो नावाचं पायथॉनवालं आहे त्याच्यात चक्क दोन आठवडे. ह्यातला एकही आकडा आपल्या स्कॉलरशिपचा फॉर्म बघून काढलेला नाही, जगातल्या कुठल्याही साइटला चालेल असा ढोबळ आकडा आहे. तो बदलायला एक ओळ बदलावी लागते, खरंच एकच ओळ. गंमत म्हणजे टॉमकॅटच्या फाइलमध्ये ती वेळ मिनिटांत लिहायची आणि तीच वेळ जावाच्या कोडमधून द्यायची तर सेकंदांत. त्यामुळे कोणीतरी घाईत फाइलमध्ये १८०० लिहितो, त्याला वाटतं अर्धा तास झाला, प्रत्यक्षात सेशन तीस तास जिवंत. उलट कोणी कोडमध्ये ३० लिहितो, की माणूस अर्ध्या मिनिटात बाहेर. फाइलमध्ये शून्य लिहिलं तर कधीच संपत नाही, तेही लोक करतात, तक्रारी बंद व्हाव्यात म्हणून.

आणि एका जागी बदलून भागतं असंही नाही, म्हणून साइट बनवणारी पोरं वैतागतात. विंडोजच्या आयआयएस सर्व्हरवर साइटला कोणीच आलं नाही तर २० मिनिटांनी ॲप्लिकेशनच झोपी जातं, सेशन त्याच्याच मेमरीत ठेवलं असेल तर तेही गेलं, मग तुम्ही वर तासभर लिहा नाहीतर दोन तास. पीएचपीत एकाच सर्व्हरवर चार साइट असल्या आणि सगळ्यांची सेशनं एकाच फोल्डरात पडत असली तर ज्या साइटची वेळ सगळ्यात कमी ती बाकीच्यांचीही साफसफाई करून टाकते. एका लॉगिनवर अनेक सरकारी खाती चालतात तिथे मुख्य लॉगिनची वेळ वेगळी आणि आतल्या खात्याची वेगळी. असे किमान तीन-चार काटे असतात आणि जो आधी संपेल तो तुम्हाला बाहेर काढतो.

शेवटच्या तारखेचा प्रकार अजून वेगळा. गर्दी वाढली म्हणून आयत्या वेळी जास्तीचे सर्व्हर लावतात, चांगलंच आहे, पण सेशन प्रत्येक सर्व्हरने आपापल्या पोटात ठेवलेलं असलं तर पहिलं पान एकाकडे आणि दुसरं पान दुसऱ्याकडे गेलं की दुसरा म्हणतो मी ओळखत नाही तुम्हाला. लॉगिन केलं न केलं तोच बाहेर! लोक म्हणतात सर्व्हर डाऊन, खरं तर सर्व्हर वाढवल्यामुळे झालंय. सेशन सगळ्या सर्व्हरांनी मिळून एका सामायिक जागी ठेवायचं किंवा एका माणसाला कायम एकाच सर्व्हरकडे पाठवायचं, हे उपाय जुने आहेत, नवीन शोध लावायचा नाहीये. फक्त ते मे महिन्यात करायचे असतात.

कोणी म्हणेल मग काढूनच टाका ना ही भानगड, एकदा लॉगिन केलं की दिवसभर राहू दे. तर तसंही नको, आणि हे मी केंद्रवाला म्हणूनच सांगतो. माझ्याकडची मशिनं दिवसभर पन्नास हात फिरतात. लोक काम झालं की कोपऱ्यातली फुली दाबतात आणि निघतात. फुलीने टॅब बंद होतो, सर्व्हरकडचं सेशन चालूच राहतं. क्रोममध्ये 'जिथे सोडलं तिथून पुढे' असं सेटिंग चालू असलं तर ब्राउझर बंद करून उघडला तरी माणूस आतच. पुढचा गिऱ्हाईक बसला, त्याने हिस्टरीतून तेच पान उघडलं, तर त्याच्यासमोर आधीच्या माणसाचा आधार नंबर, खाते नंबर, जातीचा दाखला, सगळं. मी दर गिऱ्हाइकानंतर हिस्टरी साफ करतो, प्रायव्हेट विंडोच वापरतो, पण सगळीकडे करत असतील ह्याची खात्री कोण देणार? त्यात कोणी तो कुकीतला नंबरच चोरला तर पासवर्ड न लागता आत जाता येतं, जितका वेळ सेशन जिवंत तितका वेळ त्याला मोकळं रान. आणि प्रत्येक सेशन सर्व्हरवर थोडी जागा अडवतं, लाखभर लोक फुली मारून गेले आणि त्यांची सेशनं दिवसभर पडून राहिली तर त्याचंही ओझं होतंच.

म्हणून बँकेची साइट पाच मिनिटांत बाहेर काढते त्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही, काढलंच पाहिजे. बँकेत काम काय, बॅलन्स बघायचा, पैसे पाठवायचे, दोन मिनिटांचा खेळ. ओवॅस्प म्हणून वेबसाइटच्या सुरक्षेवर काम करणारी एक जागतिक संस्था आहे, ती पण हेच सांगते, पैशासारखं जोखमीचं काम असेल तर २ ते ५ मिनिटं, कमी जोखमीचं असेल तर १५ ते ३० मिनिटं, आणि ह्याच्यावर आणखी एक वेगळी मर्यादा ठेवा की माणूस कितीही हालचाल करत असला तरी इतक्या तासांनी पुन्हा लॉगिन करायलाच लावायचं. ऑफिसात दिवसभर चालणाऱ्या सिस्टिमला ते ४ ते ८ तास म्हणतात. म्हणजे काम बघून वेळ ठरवा. आपल्याकडे सॉफ्टवेअरबरोबर आलेला आकडाच चार पानी अर्जाला चिकटवलाय, ज्याला आठ कागद लागतात.

आता करायचं काय. मला विचाराल तर आकडा वाढवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. २० चे ४० केले तर ज्याला ५० लागतात तो रडणारच. पहिली गोष्ट, जे भरलंय ते जाऊ देऊ नका. दर मिनिटा-दोन मिनिटांनी, किंवा एक रकाना सोडून दुसऱ्यात गेलं की, भरलेलं गुपचूप सर्व्हरवर कच्चा अर्ज म्हणून सेव्ह व्हायला पाहिजे. सर्व्हरवरच हां, ब्राउझरमध्ये नाही. काही हुशार मंडळी ते ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवतात, स्वतःच्या लॅपटॉपवर ठीक आहे, माझ्या केंद्रातल्या मशिनवर तो आधार नंबर तसाच पडून राहणार. आणि सेशन संपून पुन्हा लॉगिन केलं की त्याच पानावर, त्याच रकान्यापाशी आणून सोडा, होम पेजवर फेकू नका. एवढं केलंत ना तर टाइमआऊट दहा मिनिटांचा ठेवलात तरी कोणी ओरडणार नाही.

दुसरं, संपायच्या आधी सांगा. दोन मिनिटं आधी ठसठशीत मराठीत, 'तुमचा वेळ संपत आलाय, अजून हवाय का?', आणि खाली एक मोठं बटण. ते दाबलं की सर्व्हरला निरोप जातो आणि घड्याळ पुन्हा सुरू. त्यात मेख एवढीच की पानावरचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ जुळलं पाहिजे. एका साइटवर मी बघितलंय, कोपऱ्यात काटा दाखवतो नऊ मिनिटं शिल्लक आणि बटण दाबलं तर बाहेर! दोन टॅब उघडे असले तर एका टॅबमध्ये काम चाललंय आणि दुसरा टॅब 'वेळ संपली' म्हणून दोघांनाही बाहेर काढतो, हेही होतं. मोबाइलवर तर ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलं की मागे ब्राउझर झोपतो, त्याचं घड्याळ थांबतं, सर्व्हरचं चालूच, आणि स्वस्तातला फोन असेल तर परत आल्यावर पानच नव्याने लोड होतं. अर्धा महाराष्ट्र आता मोबाइलवरच फॉर्म भरतोय, हे टेस्टिंग करणाऱ्याने एकदा तरी स्वतःच्या फोनवर करून बघावं, ऑफिसच्या वायफायवर नको, एसटी स्टँडवर बसून.

एक पळवाट आहे ती मात्र करू नका. पानात एक छोटा कोड टाकायचा, तो दर पाच मिनिटांनी आपोआप सर्व्हरला 'मी आहे, मी आहे' म्हणत राहतो. त्याने तक्रारी बंद होतात खऱ्या, पण माणूस घरी जाऊन जेवून झोपला तरी टॅब उघडा असेल तोवर सेशन जिवंत. निरोप पाठवायचाच तर मधल्या वेळात खरंच कीबोर्ड किंवा माउस हलला असेल तरच पाठवा, स्क्रीनवर बोट फिरलं असेल तरच, आणि वरची ती काही तासांची मर्यादा ठेवाच.

हे सगळं मी माझ्या मनाने सांगतोय असं कोणाला वाटेल म्हणून सांगतो, नियम आहेत, जुने आहेत. डब्ल्यूसीएजी नावाची जागतिक नियमावली आहे, सगळ्यांना वेबसाइट वापरता यावी म्हणून. २००८ च्या आवृत्तीपासून तिच्यात २.२.१ नंबरचा नियम आहे आणि तो सगळ्यात खालच्या, म्हणजे किमान एवढं तरी करा ह्या पातळीवरचा आहे. वेळेची मर्यादा घातली असेल तर ती माणसाला बंद करता आली पाहिजे, किंवा दहापट वाढवून घेता आली पाहिजे, किंवा संपायच्या आधी सूचना देऊन, किमान २० सेकंद थांबून, एखादं बटण दाबण्याइतक्या सोप्या रीतीने वाढवता आली पाहिजे आणि तेही निदान दहा वेळा. लिलावासारखं काही असेल तर सूट आहे, मर्यादाच २० तासांपेक्षा मोठी असेल तरी सूट आहे. पुन्हा लॉगिन केल्यावर भरलेलं जाऊ नये हा २.२.५ नंबरचा नियम, तो वरच्या पातळीचा आहे, सक्तीचा धरत नाहीत, पण लिहून ठेवलाय.

आपल्या केंद्र सरकारची सरकारी वेबसाइटांसाठी स्वतःची जीआयजीडब्ल्यू म्हणून मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पहिली २००९ ची, तिसरी आवृत्ती २०२३ ची, आणि ती ह्याच नियमावलीवर बेतलेली आहेत. दिव्यांग हक्क कायदाही २०१६ पासून आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर सुप्रीम कोर्टाने केवायसीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. माझ्याकडे एक अंध मुलगा येतो, स्क्रीन रीडर लावून स्वतःचा फॉर्म स्वतः भरतो, मदत केलेली त्याला आवडत नाही. तो एकेक रकाना ऐकत पुढे जातो, त्याला डोळस माणसापेक्षा जास्त वेळ लागणारच. 'वेळ संपत आली' ही खिडकी नुसती दिसून चालत नाही, त्याच्या मशिनने ती वाचून दाखवली पाहिजे, आणि बऱ्याच साइटवर ती वाचली जात नाही कारण बनवणाऱ्याने तो विचारच केलेला नसतो. असा कोणी पेन्शनवाला आजोबा, असा कोणी मराठी टायपिंग न येणारा, सगळे त्याच रांगेत.

आणि तुमच्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी अधिकारी 'तांत्रिक अडचण' म्हणाले ना, की तिथेच थांबू नका. विचारा, साहेब, सेशनची वेळ किती ठेवलीय, मिनिटांत सांगा. ती कोणी ठरवली? संपायच्या आधी सूचना येते का, मराठीत येते का? अर्धवट भरलेलं सेव्ह होतं का? आणि टेंडरमध्ये ह्यातलं काय लिहिलं होतं? कारण कंपनीला जे लिहून दिलं तेवढंच ती करते, लिहिलं नसेल तर सॉफ्टवेअरबरोबर आलेला आकडा तसाच राहतो आणि त्याचं खापर सगळं सर्व्हरवर फुटतं. नवा सर्व्हर घेतला तरी फाइल तीच कॉपी होते, आकडा तोच.

तोवर वाचकांनी एवढं करावं. सगळे कागद आधी स्कॅन करून, बारीक करून एका फोल्डरमध्ये ठेवा, मगच लॉगिन करा. ओटीपीवाला मोबाइल ज्याच्याकडे आहे तो माणूस शेजारी असू दे, सुरतेला नको. पान मोठं असेल आणि 'सेव्ह' किंवा 'ड्राफ्ट' असं बटण असेल तर अर्धं भरलं की दाबा, पुढे भरा, परत दाबा, त्याने घड्याळही पुन्हा सुरू होतं. असं बटण नसेल तर मोठा मजकूर आधी दुसरीकडे लिहून मग तिथे चिकटवा. दुसरा टॅब उघडून तीच साइट बघत बसू नका. आणि केंद्रावर किंवा सायबरमध्ये असाल तर उठायच्या आधी वर उजव्या कोपऱ्यात बघा, साधारण तिथेच लॉगआऊट असतं, ते दाबा, लॉगिनचं पान आलेलं डोळ्यांनी बघा आणि मग उठा, मागे कितीही रांग असू दे.

आपला,
एक वाचक, ई-सेवा केंद्रचालक
जि. सातारा